दिवाळीनंतर घर रिकामं होतं तेव्हा

एक सीन डोळ्यांपुढे आणा. बऱ्याच वर्षांनी आई घरी आली आहे. बॅगा उघडल्यात, प्रत्येकासाठी काही ना काही आणलंय. मोठी मुलगी त्या वस्तूंकडे ढुंकूनही बघत नाही. धाकटीला तर ही बाई कोण, हेच नीट उमगत नाही.

'अनाक' या 2000 साली आलेल्या फिलिपिनो सिनेमातलं हे घर. 'अनाक' म्हणजे लेकरू. विल्मा सांतोस या अभिनेत्रीने केलेली जोसी ही हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांच्या घरी काम करणारी आई. मालकाची मुलं तिने सांभाळली, स्वतःची तिकडे तिच्याविना वाढली. नवरा गेला तेव्हाही तिला परतता आलं नाही. तिने पाठवलेल्या पैशांवर घर चाललं आणि त्याच घरात ती 'सोडून गेलेली' ठरली. 'तुमच्यासाठीच गेले' असं आई म्हणणार, 'पण गेलीसच ना' असं मुलगी म्हणणार. दोघींचंही खरं, म्हणून भांडण मिटत नाही.

फिलिपिन्समध्ये हा विषय सिनेमा-मालिकांत पुन्हा पुन्हा येतो, कारण तो घरोघरचा आहे. मार्कोस यांच्या राजवटीत 1974 साली आलेल्या कामगार कायद्याने परदेशी नोकरीला सरकारी धोरणाचं रूप दिलं आणि पुढच्या पिढ्या विमानतळावर निरोप देतच मोठ्या झाल्या.

सबटायटल्स लावून बघताना वाटतं, ही काही आपली गोष्ट नाही. पण विमान काढा आणि त्या जागी ट्रक ठेवा. हाँगकाँगच्या जागी प्रवरेचा, गोदावरीचा किंवा कृष्णेचा काठ ठेवा. मग गोष्ट थेट आपल्या नगर जिल्ह्यात येते.

अर्धा कोयता चालत नाही

आपला जिल्हा एकाच वेळी दोन टोकांना आहे. एकीकडे कालव्याचं पाणी असलेले तालुके आणि साखर कारखाने. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच इथल्या प्रवरानगरला झाली. दुसरीकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेडसारखे कोरडे तालुके आणि त्यांना लागून बीड. दसरा-दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

इथे आपली गोष्ट फिलिपिन्सपेक्षा वेगळी होते. तिकडे बहुतेकदा आई किंवा बाप, कुणीतरी एक जातो. ऊसतोडीत हिशोब 'कोयत्या'चा असतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडीला. त्या पैशांतून आधीचं देणं, आजारपण, लग्न, घराचं छप्पर असं काहीतरी आधीच भागवलेलं असतं. मग ती रक्कम ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. त्यामुळे 'यंदा मी पोराजवळ थांबते' हे म्हणणं आईच्या हातात उरतच नाही.

पोरांपुढे मग दोन रस्ते. आईबापांबरोबर गेलं तर कोपीत राहायचं, शाळा अर्ध्यात सुटते. थोरली मुलगी असेल तर पहाटे फडात गेलेल्या आईच्या वाटचा स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं तिच्याकडे येतं. मागे थांबलं तर आजी-आजोबा आणि रिकामं घर. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटते, म्हणून तिचं लग्न लवकर उरकलं जातं. म्हणजे अजून एक नवी जोडी, नवा कोयता.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. साखरशाळा झाल्या, गावात हंगामी वसतिगृहं आली. 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली, 41 तालुक्यांत मुला-मुलींसाठी 82 वसतिगृहं. शिकायला हे हवंच. पण वसतिगृह शाळा वाचवतं, आईबाप घरी आणत नाही.

राळेगणचा उलटा प्रवास

म्हणून पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीकडे या बाजूने बघावंसं वाटतं. आपल्या पिढीला हे गाव ठाऊक आहे ते अण्णा हजारेंची उपोषणं आणि 2011 चं आंदोलन यामुळे. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते.

अण्णांचं स्वतःचं बालपणही आईबापांपासून लांब गेलं. जन्म 1937 चा, भिंगारचा. घरची परिस्थिती बेताची, म्हणून मूलबाळ नसलेल्या आत्याने शिकायला मुंबईला नेलं. शिक्षण सातवीपर्यंतच झालं आणि पुढे दादरला फुलं विकून घराला हातभार. सैन्यातून निवृत्त होऊन ते 1975 मध्ये गावी परतले, तेव्हा राळेगण हे '72 च्या दुष्काळाने पिचलेलं गाव होतं. पाऊस कमी, विहिरी कोरड्या, गावात दारूच्या भट्ट्या. पोटासाठी माणसं रोज बाहेरगावी मजुरीला जात.

गावाने मग पाण्यात हात घातला. गळका पाझर तलाव दुरुस्त केला, नाल्यांना बांध घातले, डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली. त्यासाठी श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. विहिरींना पाणी आलं तसं शेतात काम आलं आणि गाव सोडून मजुरीला जाणं थांबत गेलं. पाणी आल्यावरही गावाने उसासारखं तहानलेलं पीक घ्यायचं नाही असं ठरवलं. ज्या जिल्ह्यात उसापायी हजारो घरांना कुलूप लागतं, तिथलं हे गाव.

राळेगणमध्ये सगळं गोड होतं असं कुणी म्हणणार नाही. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्यासारख्या शिक्षांवर टीका झाली आणि ती रास्तच होती. शिवाय राळेगणची वाट पाथर्डीला जशीच्या तशी लागू पडेल असंही नाही. पण एक गोष्ट या गावाने दाखवली. आईबाप घरी थांबतात की नाही, हे त्यांच्या मायेवर ठरत नाही. विहिरीत मार्चपर्यंत पाणी राहतं का, यावर ठरतं.

स्टेजवर कोण नाही?

आपल्या रंगभूमीला स्थलांतर नवं नाही. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड पोटासाठी मुंबईला आलेल्या आणि बायको गावीच राहिलेल्या कामगाराची. जयंत पवार यांचं 'अधांतर' 1982 च्या संपानंतर मोडत गेलेल्या गिरणी कामगाराच्या घराचं. पहिल्यात जोडप्याचा विरह आहे, दुसऱ्यात गिरणगावातली तरुण पोरं आहेत. पण दिवाळीनंतर गावात मागे राहिलेलं दहा-बारा वर्षांचं पोर, जे पाच महिने आजीजवळ झोपतं, ते आपल्या स्टेजवर फारसं दिसत नाही.

पुरुषोत्तम असो की नगरचा महाकरंडक, तालमी लागल्या की 'विषय काय घ्यायचा' यावर चहा संपत राहतो. हा विषय घ्यायचा असेल तर एक सांभाळा. त्यागमूर्ती आई आणि कृतघ्न पोरगा अशी जोडी बांधून शेवटच्या पाच मिनिटांत दोघांना रडवू नका. प्रेक्षक टाळ्या वाजवतील आणि मुकादमाची वही विंगेतच राहील. ती वही स्टेजवर आणा. फडातून रात्री आलेला, रेंज नसल्याने तुटणारा फोन आणा. आई 'जेवलास का' विचारते आणि पोरगा खोटंच 'हो' म्हणतो, तेवढंही पुरे आहे.

आणि एकांकिका लिहायची नसेल तरी हरकत नाही. तुमच्या वर्गात, हॉस्टेलवर असा एखादा जण असेलच, जो दिवाळीच्या सुट्टीत 'घरी कुणी नाही रे' म्हणत रूमवरच थांबतो. मेस बंद असते. आपण फराळाचा डबा नेतो, तो थोडा मागेच येतो. या वेळी तो डबा त्याच्यासाठी आधीच पोचू द्या. जमलं तर त्याला विचारा, 'घरचे कुठल्या कारखान्यावर आहेत?' हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. उत्तर मात्र त्याच्याजवळ तयार असतं, गावाच्या नावासकट, तारखेसकट, ते कधी परत येणार त्याच्यासकट.