गोळी दिली, पण हातांचं काय?

‘गोड जास्त खाऊ नकोस, पोटात जंत होतील!’ हे ऐकल्याशिवाय मराठी घरातलं मूल मोठं होत नाही, मग ते घर पुण्यात असो की नोएडात. पण यात बिचाऱ्या गुळाचा काही दोष नाही. जंतांची अंडी पोटात जातात ती मातीतून, नीट न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांवरून.

दिल्लीत २०१२ मध्ये शाळांमधून जंतनाशक गोळ्या देण्याची मोठी मोहीम झाली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय जंतनाशक दिन’ सुरू केला. साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. मोठी मुलं ती चावून खातात, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धीच, पूड करून देतात. नंतर कधी थोडी मळमळ किंवा पोटदुखी होते. पोटात जंत जास्त असले की असं होतं, आणि ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. त्या दिवशी मूल आजारी असेल, तर गोळी बरं झाल्यावर द्यायची.

मग पुन्हा पुन्हा गोळी का? कारण ती आतड्यातले जंत मारते, बाहेरची अंडी नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत मिसळतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकू शकतात. अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नाही. तो अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. मूल फिकट दिसतं, वर्गात पेंगतं. आपण मात्र ‘अभ्यासात लक्षच नाही’ म्हणून त्यालाच ओरडतो!

करोनापासून प्रत्येक दप्तरात सॅनिटायझरची बाटली असते, पण जंतांच्या अंड्यांचं कवच जाड असतं. त्यावर सॅनिटायझरचा भरवसा नाही. साबण चोळून वाहत्या पाण्याखाली हात धुतले, की अंडी निघून जातात. मैदानावरून धावत येऊन थेट डबा उघडणाऱ्या मुलाला नळाजवळ साबण मिळतो का, हे पुढच्या पीटीएमला मार्कांच्या आधी विचारा. मिळत नसेल, तर शाळा सोय करेपर्यंत डब्याच्या पिशवीत कागदी साबणाच्या पट्ट्या ठेवा.

आणि रात्री मूल शौचाची जागा खाजवत असेल, तर ते बहुधा सुतकृमी. त्यांची अंडी नखांत आणि चादरीवर राहतात, म्हणून डॉक्टर अनेकदा सगळ्या घरालाच औषध देतात. अगदी आजीलासुद्धा!