किनाऱ्याने सायकल: चढाचा हिशेब

घोडेगावच्या मुलांना चढ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. घोड नदीच्या खोऱ्यातून शिनोली, डिंभे करत रस्ता पश्चिमेकडे जातो आणि पुढे भीमाशंकरपर्यंत चढत राहतो. दोन्ही ठिकाणांच्या उंचीत तीनशे मीटरहून अधिक फरक आहे. म्हणून कोकण किनाऱ्याने सायकल सहल काढायचे ठरले, की मुले (आणि बऱ्याचदा शिक्षकही) म्हणतात, "समुद्राकाठी कसला आलाय चढ? तिथे उंची शून्य!" या समजुतीवर वेळापत्रक आखले तर ते पहिल्याच दिवशी कोलमडते. असे का होते ते आपण पाहू.

रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा म्हणजे वाळूची सलग पट्टी नव्हे. समुद्रालगत जांभ्या खडकाची पठारे आहेत. त्यांना तिकडे 'सडा' म्हणतात. नद्यांनी आणि खाड्यांनी हे सडे जागोजाग कापले आहेत. गावे, विहिरी, नारळी-पोफळीच्या बागा खाली, तर सडा वर, अनेक ठिकाणी शंभर मीटरच्या आसपास. रस्ता एका गावातून सड्यावर चढतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली येतो. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तेथून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडून गणपतीपुळे, असा एक दिवस घ्या. सकाळी निघायचे समुद्रसपाटीवरून आणि संध्याकाळी पोचायचेही समुद्रसपाटीवर. उंचीतला फरक शून्य. पण पायांना फरक कळत नाही, बेरीज कळते.

समजा, दिवसभरात सहा वेळा शंभर-शंभर मीटर चढलो. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ९० किलो धरू. शंभर मीटर चढायला लागणारे कार्य ९० × ९.८ × १०० म्हणजे सुमारे ८८,००० ज्यूल. स्नायू खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग पॅडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते. (घाम येतो तो म्हणूनच.) तेव्हा शरीराचा खर्च होतो सुमारे साडेतीन लाख ज्यूल, म्हणजे ८४ किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण एवढीच ऊर्जा असते. शंभर मीटर चढ, एक पोळी! सहा चढांच्या सहा पोळ्या झाल्या आणि सपाटीवरच्या अंतराचा खर्च वेगळाच.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "पण सर, उतारावर ती ऊर्जा परत मिळते ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. रस्ता सरळ आणि उतार सौम्य असेल, तर बरीचशी मिळते. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. शिवाय सड्यावरून उतरणारा रस्ता वळणावळणाचा असतो आणि खाली गाव असते. ब्रेक दाबावाच लागतो. मग चढताना कमावलेली ऊर्जा रिम आणि ब्रेकच्या रबरात उष्णतेच्या रूपाने जाते. ८८,००० ज्यूल उष्णतेने पाव लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीला आणता येईल. भरलेली सायकल सतत ब्रेक दाबून उतरवली, तर रिमला हात लावणे किती धोक्याचे, याची यावरून कल्पना यावी. उतरण्याआधी रबरे झिजली आहेत का हे पाहणे, ही आमच्या मते सहलीतील सर्वांत महत्त्वाची तपासणी होय.

वेळेचा हिशेब तर हमखास चुकतो. चाळीस किलोमीटरपैकी निम्मा रस्ता चढाचा आणि निम्मा उताराचा आहे. चढावर वेग ताशी ६, उतारावर ताशी २४ किलोमीटर. सरासरी वेग किती? बहुतेक मुले १५ सांगतील आणि दोन तास चाळीस मिनिटांत पोचू म्हणतील. प्रत्यक्षात चढाला तीन तास वीस मिनिटे लागतात आणि उताराला पन्नास मिनिटे, म्हणजे एकूण चार तास दहा मिनिटे. सरासरी वेग दहाच्याही आत! कारण उतार भरभर संपतो, पण वेळ जातो तो चढावर. या दीड तासात तवसाळची शेवटची फेरीबोट निघून गेली, तर खाडीला लांबचा वळसा पडतो, तोही काळोखात आणि थकलेल्या मुलांना घेऊन.

आता सायकलीकडे वळू. आपल्याकडच्या साध्या सायकलीचे पुढचे चक्र ४४ दातांचे आणि मागचे १८ दातांचे असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. तेवढ्यात पाय मात्र जेमतेम एक मीटर फिरतो. अंतरात पाचपट लाभ, म्हणून बळात पाचपट तोटा. दहास एक चढावर गुरुत्वाकर्षण आणि घर्षण मिळून सुमारे ९५ न्यूटन बळ मागे ओढते. म्हणजे पॅडलवर सरासरी जवळजवळ ५० किलो भार सतत हवा. पॅडल वर आणि खाली असताना पायाचा जोर लागत नाही, तेव्हा मधल्या टप्प्यात तो याहून कितीतरी जास्त लागतो. पंचावन्न किलोच्या मुलाने पॅडलवर उभे राहूनही भागत नाही. तो उतरून सायकल ढकलतो, ते आळसाने नव्हे. गिअरची सायकल पुढे २८ आणि मागे २८ दात करून हे बळ निम्म्याहून कमी करते. कार्य मात्र तेवढेच राहते, फेरे वाढतात. पोळी वाचत नाही, गुडघे वाचतात.

निघण्यापूर्वी वर्गात एक काम करून पाहावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. रस्त्यावर दोरा ठेवा आणि तो चढताना किती रेषा ओलांडतो ते मोजा. उतरतानाच्या रेषा सोडून द्या. आलेल्या संख्येला २० ने गुणले की दिवसाचा चढ मिळतो. दोन रेषांच्या मधले लहान चढ यात सुटतात, म्हणून उत्तर थोडे कमीच येईल. आधी घोडेगाव ते भीमाशंकर मोजा, मग गुहागर ते तवसाळ, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.