चौकटीतलं रान

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि पुढे वाणिज्यच्या मुलांनाही या विषयाचा पेपर आला. बहुतेकांसाठी पास होण्यापुरताच!

परिस्थितिकीचा (इकॉलॉजीचा) खरा अभ्यास मात्र चिखलात होतो. ठरावीक मापाची चौकट गवतावर ठेवायची, आतली एकेक वनस्पती ओळखून मोजायची, मग पुढची जागा. काम कंटाळवाणं, पण कुठली जात कमी होतेय, हे त्यातूनच कळतं. संख्याशास्त्रही हवंच, नुसत्या निसर्गप्रेमावर भागत नाही.

असंच रानात उतरून काम केलं परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर ते वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तकांसोबत सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासत हिंडले. १९८३ मध्ये गाडगीळांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिकीचं केंद्र उभं केलं. गावकऱ्यांचं ज्ञान टिपणारी लोकजैवविविधता नोंदवहीही त्यांनीच पुढे रेटली. आज ती सरकारी नियमांत आहे.