स्मारक नसलेली छावणी : देवळीला कोणाला आणि काय शोधायचं?

युद्धकाळात आपला माणूस ज्या छावणीत डांबला गेला, ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी, असं पुष्कळ घरांत वाटतं. आजोबांचं एखादं पत्र सापडतं, त्यावर छावणीचं नाव असतं आणि मग नकाशा उघडला जातो. आजच्या भागात अशाच एका छावणीबद्दल बोलू. ती जयपूरपासून सुमारे 165 किलोमीटरवर आहे. नाव देवळी. वर्ध्याजवळची देवळी नव्हे. ही राजस्थानातल्या टोंक जिल्ह्यातली, तिकडचे लोक देवली म्हणतात.

जयपूरहून कोट्याच्या रस्त्याला लागायचं. टोंक मागे पडलं की पुढे देवळी. जयपूर शहराला पाणी पुरवणारं बिसलपूर धरण इथून जवळच आहे. गाव जुन्या इंग्रजी लष्करी छावणीभोवती वाढलेलं. देवळीला रेल्वे स्टेशन नाही. हे लक्षात ठेवा, कारण माणसं लांब ठेवायची, नातेवाइकांनाही सहज पोचता येऊ नये, यासाठी अशी आडवळणाची जागा सोयीची होती.

या एकाच जागेत तीन वेगवेगळ्या काळी, तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसं स्थानबद्ध होती.

पहिले राजकीय कैदी. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना खटला न चालवता इथे आणलं. जयप्रकाश नारायण इथे होते. आपल्याकडचे श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे हेही इथेच. 1941 च्या ऑक्टोबरमध्ये इथे मोठं उपोषण झालं. त्यातली एक मुख्य मागणी होती, आम्हाला आमच्या प्रांतात परत पाठवा. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकोने नवऱ्याला भेटायला देवळीपर्यंत यायचं कसं? त्या मागणीत हे सगळं होतं. अखेर सरकार नमलं आणि कैदी आपापल्या प्रांतांतल्या तुरुंगांत गेले.

दुसरे जपानी. सिंगापूर, मलाया या भागांत राहणारे व्यापारी, दुकानदार, त्यांच्या बायका-मुलं. त्यांना आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत ठेवलं, मग 1943 मध्ये देवळीला हलवलं. जपान हरला ही बातमी छावणीतल्या अनेकांना खरीच वाटेना. त्यावरून तट पडले, आणि फेब्रुवारी 1946 मध्ये पहारेकऱ्यांच्या गोळीबारात काही स्थानबद्ध मारले गेले. म्हणजे युद्ध संपून सहा महिने झाल्यावर.

तिसरे आपलेच शेजारी. 1962 च्या चीन युद्धानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग भागांतल्या चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना इथे आणलं. सुतार, चपला शिवणारे, हॉटेलवाले, शाळेत जाणारी पोरं. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एक जण चिनी असला तरी पुरे, असा कायदाच केला गेला. माणूस इथे जन्मलेला आहे, आसामी किंवा नेपाळी बोलतो, याला किंमत उरली नाही. आसामातल्या माकुमहून निघालेल्या आगगाडीला पोचायला आठवडा लागला. पुढे दोन हजारांहून अधिक लोक मद्रासहून बोटीने चीनला गेले. बाकीचे टप्प्याटप्प्याने सुटले. शेवटचे 1967 च्या सुमारास. घरी परतले तेव्हा अनेकांचं घर आणि दुकान दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेलं होतं.

जॉय मा यांचा जन्म याच छावणीत झाला. त्यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्याबरोबर 'द देवलीवालाज' हे पुस्तक 2020 मध्ये लिहिलं.

आता मूळ प्रश्न. तिथे गेलं तर काय दिसतं? आज तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. आत जायचं तर आधी लेखी परवानगी मागावी लागते. कैद्यांच्या नावांची भिंत तिथे नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या कोल्हापूरचं. वळिवड्याला महायुद्धात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. ते कैदी नव्हते, पाहुणे होते. त्यांची आठवण म्हणून कोल्हापुरात स्तंभ आहे आणि त्यांची मुलं-नातवंडं आजही येऊन जातात. आपण पाहुणचार केला, ते आपण लक्षात ठेवलं. आपण कोंडून ठेवलं, ते मात्र राहून गेलं. अमेरिकेने सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना कोंडलं होतं. 1988 मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले आणि मान्झानारची छावणी राष्ट्रीय वारसास्थळ केली. पण तिथे दरवर्षी जाण्याची प्रथा 1969 पासूनची. आधी कुटुंबं गेली, सरकार मागून आलं.

म्हणून तुमच्या घरातलं कोणी देवळीत असेल, तर सुरुवात कागदांपासून करा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या फायली आहेत आणि त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. मुंबईच्या पुराभिलेखागारातही विचारा. घरातली पत्रं, त्यांवरचे तपासनिसांचे शिक्के, तारखा यांचे फोटो काढून ठेवा. ज्येष्ठांचं बोलणं आजच रेकॉर्ड करा. 1962 ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज सत्तरी ओलांडून गेलंय.

कॅनडात स्थायिक झालेल्या माजी स्थानबद्धांनी भारत सरकारकडे मागितलंय ते दिलगिरीचा एक शब्द. त्याच्या जोडीला फाटकाबाहेर एक दगड, त्यावर तीन काळ आणि तीन प्रकारची माणसं, एवढं लिहायला फार खर्च येत नाही. तो दगड लागेपर्यंत नावं जपण्याचं काम घराघरांतच होणार आहे.