घोड्याचा खोकला : कारणे व उपाय

देवळाली प्रवरा परिसरात टांग्याचा घोडा आता क्वचितच दिसतो. परंतु मेंढपाळांची बिऱ्हाड वाहणारी तट्टे व लग्नसराईतील घोडे यांवर अद्यापि काही कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे. असे जनावर खोकू लागले की मालक प्रथम काढा शोधतो. वस्तुतः प्रथम पाहावयाचा तो त्याचा चारा व तबेला.

घोडा केवळ नाकानेच श्वास घेतो. पावसात भिजून बुरसलेला कडबा सोडताना बुरशीचे सूक्ष्म कण उडतात. तोबऱ्यात धुळकट भुसा असल्यास ही धूळ थेट नाकात जाते. मूत्राने ओलावलेल्या जमिनीतून अमोनिया वायू निघतो. यांमुळे श्वासनलिका सुजून आकसतात. ताप नाही, खाणे चांगले, परंतु चाऱ्यास तोंड लावताच किंवा पळू लागताच खोकला, ही या विकाराची खूण होय. दुर्लक्ष झाल्यास उभ्या जागीही धाप लागते व जनावर पूर्ववत कामाचे राहत नाही.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. बुरसलेला चारा घोड्यास मुळीच घालू नये.
२. कोरडा चारा अर्धा तास पाण्यात भिजवून लगेच खाऊ घालावा. उरलेला टाकून द्यावा.
३. लीद व ओले अंथरण रोज काढावे. झाडताना घोडा बाहेर बांधावा.
४. तबेल्यात हवा खेळती ठेवावी.

संसर्गजन्य रोगाची लक्षणे निराळी असतात. निरोगी घोड्याचे तापमान सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते व विश्रांतीत तो मिनिटास ८ ते १६ वेळा श्वास घेतो. ताप, नाकातून स्राव किंवा जबड्याखाली सूज आढळल्यास जनावर वेगळे बांधावे, त्याची बादली व तोबरा इतरांस वापरू नये, काम बंद ठेवावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ भारतात १९८७ व २००८-०९ मध्ये येऊन गेली आहे.

नाकातून चिकट पू, नाकात व्रण व कातडीवर गाठी दिसल्यास ग्लँडर्सचा संशय घ्यावा. महाराष्ट्रात हा रोग २००६ मध्ये आढळला होता. तो माणसासही होतो व प्राणघातक ठरू शकतो. म्हणून असे जनावर उघड्या हातांनी हाताळू नये, विकू नये, वा बाजारात नेऊ नये. २००९ च्या कायद्यान्वये त्याची खबर देणे बंधनकारक आहे.

ग्रामसेवकांनी मेंढपाळांच्या तळावर जाऊन ही माहिती समजावून सांगावी. धुळीचा खोकला मालकाच्या दक्षतेने आटोक्यात येतो. तापाचा खोकला मात्र लपवू नये.