शाळेची सक्ती आणि रस्त्यावरचे मूल

सक्ती या शब्दाला आपल्या चळवळीत अप्रतिष्ठा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळच्या मजुराला रुपया ही लहान रक्कम नव्हती. तरीही त्या दंडाविषयी आपण आदराने बोलतो. का बोलतो, याचा उलगडा नीट व्हावा म्हणून येथे अमेरिकेतल्या एका शहराचा कायदा तपासावयाचा आहे. मूल शाळेत असावे, हाच हेतू तेथेही सांगितला गेला होता.

शहर लॉस एंजेलिस. तेथील नगर परिषदेने १९९५ मध्ये दिवसाची संचारबंदी लागू केली. शाळा चालू असलेल्या दिवशी सकाळी ८.३० ते दुपारी १.३० या वेळात १८ वर्षांखालचे मूल सार्वजनिक जागी आढळले, तर तो गुन्हा. दंड २५० डॉलर. त्यावर न्यायालयाचे आकार चढत आणि रक्कम कितीतरी फुगे. दंड थकला तर पुढे वाहन चालवण्याचा परवाना अडके. शिवाय पोलिसाने पावती फाडली की मुलाने पालकाला घेऊन न्यायालयात हजर व्हायचे. म्हणजे शाळा बुडवल्याच्या शिक्षेपायी मुलाची आणखी एक दिवस शाळा बुडायची आणि आईचा किंवा बापाचा रोज बुडायचा. हा विनोद कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसेल असे मानणे कठीण आहे. पण ज्यांचा रोज बुडत नाही त्यांना असले विनोद दिसत नाहीत, हेही खरे.

अशा कायद्याची वंशावळ जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५० मध्ये गावांना आणि शहरांना शाळाचुकार, रस्त्यांवर भटकणाऱ्या मुलांविरुद्ध आपापले नियम करण्याचा अधिकार दिला. शाळेची सक्ती तेथे आली ती १८५२ साली. आधी भटकण्याचा बंदोबस्त आणि मग शाळा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण खरी काळी पाने दक्षिणेत आहेत. गुलामगिरी संपताच, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने काळ्यांसाठी खास कायदे केले. ज्या काळ्या माणसाजवळ रोजगार दाखवता येत नाही तो ‘भटक्या’. त्याला ५० डॉलरपर्यंत दंड. दंड भरता आला नाही तर जो कोणी भरेल त्याच्याकडे त्याला मजुरीला बांधून द्यायचे. आणि आईबाप पोसू शकत नाहीत असे ठरलेल्या काळ्या मुलांना ‘शिकाऊ’ म्हणून धन्याच्या हवाली करायचे. त्यातही पहिला हक्क जुन्या मालकाचा!

यानंतर अवघ्या ६ वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारणा-वसाहतींत ठेवण्याची सोय झाली. १९११ च्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यावरही पसरले. ‘हजेरी’ हा शब्द शाळेच्या पटावर एक अर्थ सांगतो आणि पोलिस पाटलाच्या दारात दुसरा. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत दुसरा अर्थ आधी पोचला.

अमेरिकेत या भटकेपणाच्या कायद्यांना १९७२ साली मोठा तडाखा बसला. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहराचा असा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याची भाषा इतकी मोघम होती की पोलिसाला वाटेल त्याला धरता येत होते. त्या खटल्यातल्या एका प्रकरणात दोन गोऱ्या तरुणी आणि दोन काळे तरुण एका मोटारीतून चालले होते, एवढेच घडले होते. (असे चौघे एकत्र दिसल्यावर कायद्याचे डोके का फिरते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.) मात्र अज्ञान मुलांच्या बाबतीत न्यायालये शासनाला अधिक मोकळीक देतात. मुलाचे हित या नावाखाली पुष्कळ काही खपते. १९९० नंतर शहरांमागून शहरांनी मुलांवर संचारबंदी घातली. मॉनरोव्हिया या लॉस एंजेलिसजवळच्या गावी दिवसाची संचारबंदी होती. १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन स्वतः तेथे जाऊन तिची वाखाणणी करून आले.

आता लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर या कायद्याचे काय झाले ते पाहू. कागदावर तो सर्व मुलांना सारखा होता. त्यात जातही नव्हती, वर्णही नव्हता. पण श्रीमंत वस्तीतले मूल मोटारीतून शाळेच्या दारात उतरते. गरीब वस्तीतले मूल सार्वजनिक बसने येते. बस उशिरा येते, भरलेली असली तर थांब्यावर न थांबता पुढे जाते. मूल धावत शाळेच्या कोपऱ्यावर पोचते तेव्हा ८.३० वाजून गेलेले असतात आणि तेथे पोलिस उभा असतो. शाळा बुडवणारे मूल शोधण्यापेक्षा शाळेत येणारे मूल पकडणे सोपे, कारण ते कुठे सापडेल हे ठाऊक असते. उशिरा आल्याबद्दल पावती मिळणार असेल तर घरीच थांबलेले बरे, हा धडा मुले आपोआप शिकली.

हे उजेडात आणले ते लेबर/कम्युनिटी स्ट्रॅटेजी सेंटर या संघटनेने. हिचा इतिहास बोलका आहे. तिच्याच बस रायडर्स युनियनने १९९४ मध्ये वाहतूक मंडळावर दावा लावला होता: पैसा रेल्वेवर जातो आणि काळे, लॅटिनो, गरीब प्रवासी ज्या बसने जातात ती कोंबून भरलेली. १९९६ मध्ये मंडळाला करार करावा लागला. बसच्या प्रश्नावर काम करणारी माणसेच पुढे शाळकरी मुलांच्या पावत्यांपर्यंत पोचली, यात नवल नाही. त्यांनी पोलिसांकडून नोंदी मागवून घेतल्या आणि मोजल्या. २००४ ते २००९ या काळात ४७,००० हून अधिक पावत्या. त्यांतल्या सुमारे ८८ टक्के काळ्या आणि लॅटिनो मुलांना. शाळांच्या पटावर त्यांचे प्रमाण मात्र सुमारे ७४ टक्के. जो कायदा वर्ण पाहत नाही असे म्हणत होता, त्याच्याच पावतीपुस्तकातून वर्ण निघाला.

एप्रिल २०११ मध्ये पोलिस खात्याने आपले नियम बदलले. शाळेकडे निघालेल्या मुलाला पावती देऊ नये असे ठरले. फेब्रुवारी २०१२ मध्ये नगर परिषदेने कायदाच दुरुस्त केला, २५० डॉलरचा दंड काढून टाकला आणि मुलाला न्यायालयात ओढण्यापेक्षा मदतीकडे वळवण्याचे धोरण घेतले. कायदा समूळ गेला नाही, पण त्याचे दात पडले. टेक्सास राज्यात तर गैरहजर मूल प्रौढांप्रमाणे फौजदारी गुन्हेगार ठरे, दंड ५०० डॉलरपर्यंत. ती तरतूद १ सप्टेंबर २०१५ पासून गेली.

येथे एक आक्षेप येईल. कॅलिफोर्नियाने २०११ पासून वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या पालकाला २,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षापर्यंत कैद ठेवली. शाहू महाराजांचा दंडही पालकावरच होता. मग फरक काय? फरक रकमेचा नाही. करवीरच्या हुकमात दंडाआधी शाळा होती. गावोगाव ती उघडायची आणि तिचा खर्च सोसायचा, हे बंधन राजाने स्वतःवर घातले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांच्या शाळेचे दार त्यांना उघडले. ज्या सक्तीत राज्यकर्ता स्वतःला बांधून घेतो ती एक. ज्या सक्तीत बस उशिरा आली तरी बसमंडळाला कोणी विचारत नाही, शाळेत समुपदेशक नाही म्हणून कोणाला पावती मिळत नाही, फक्त पोराला मिळते, ती दुसरी. दोघींना एकाच नावाने हाक मारणे ही बुद्धीची आळसाई आहे.

आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा या कसोटीवर घासून पाहावा. त्यातील कलम १० पालकाचे कर्तव्य सांगते, पण त्याला दंड ठेवत नाही. कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला बांधते: आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, त्यांच्या उपस्थितीवर लक्ष ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहणे. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर राहणाऱ्या, पुलाखाली पाल ठोकलेल्या कुटुंबांच्या मुलांचा प्रश्न या कलमात बसतो. तरीही शहरात सिग्नलवर मूल दिसले की ‘याला उचला’ हीच पहिली मागणी होते, आणि ती सुशिक्षितांकडून होते. उचलल्यावर नेणार कोठे, त्या वस्तीपासून शाळा किती दूर, तिथल्या मास्तरांनी या मुलाचे नाव पटावर घेतले होते का आणि केव्हा कमी केले, हे विचारायला कोणी थांबत नाही.

लॉस एंजेलिसच्या कार्यकर्त्यांनी नोंदी मागितल्या तेव्हा त्यांच्या हाती पोलिसांची पावतीपुस्तके आली. आपल्या हाती २००५ चा माहिती अधिकार आहे, आणि कलम ९ खालची नोंद नगरपालिकेने ठेवायचीच आहे. कोणत्या प्रभागात किती मुले, किती पटावर, किती पटावरून उतरली आणि कोणत्या वस्तीतली, एवढी चार रकान्यांची मागणी एका अर्जात मावते.