आतून रिकामा अणू

निऑनचं इलेक्ट्रॉन कॉन्फिगरेशन आपण सगळ्यांनीच बारावीत घोकलंय. आतल्या कक्षेत दोन, बाहेरच्या कक्षेत आठ. आतल्या जागा आधी भरायच्या, मग बाहेरच्या, हा नियम. आता समजा बाहेरचे आठ जागच्या जागी आहेत आणि आतले दोन्ही गायब! अशा अणूला ‘पोकळ अणू’ म्हणतात. सेमिनारसाठी मी हा विषय घेतला होता. वाचता वाचता त्यात इतका रमलो, की म्हटलं हे सगळ्यांना सांगायलाच हवं.

सुरुवात ओळखीच्या समीकरणापासून करू. क्ष-किरणांचा एक फोटॉन अणूवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्याची गतिज ऊर्जा फोटॉनच्या ऊर्जेतून वजा करा. उरते ती बंधनऊर्जा, म्हणजे तो इलेक्ट्रॉन आत किती घट्ट बसला होता त्याचं माप. आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेला हा हिशोब म्हणजेच फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचा पाया. शेजारी कोणता अणू आहे त्यावर ही ऊर्जा किंचित बदलते. म्हणूनच शुद्ध लोखंड आणि गंज यांतला फरक हे यंत्र सांगू शकतं. हे तंत्र विकसित करणाऱ्या स्वीडनच्या काय सीगबान यांना १९८१ सालचं नोबेल विभागून मिळालं.

मग अडचण कुठे आहे? अणूला होस्टेल समजा. तळमजल्यावर मेसच्या शेजारी फक्त दोन खाटा, वरच्या मजल्यावर आठ. खालची एक खाट रिकामी झाली रे झाली, की वरचा एकजण धावत येऊन ती पटकावणार! खाली येताना त्याची जी ऊर्जा सुटते, ती बहुतेक वेळा वरच्याच दुसऱ्या एकाला मिळते आणि तो थेट गेटबाहेर फेकला जातो. याला ऑजे क्रिया म्हणतात. निऑनमध्ये हे सगळं सरासरी २.४ फेम्टोसेकंदांत आटोपतं. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा मिलिमीटरचा हजारावा भागदेखील चालत नाही. पोकळ अणू बनवायचा तर याच अवधीत दुसरी खाटही रिकामी करायला हवी.

शिवाय दुसऱ्याला उठवणं जास्त कठीण. निऑनचा आतला पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ८७० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. तो गेला की केंद्रकाची ओढ उरलेल्यावर वाढते, आणि त्याच्यासाठी सुमारे ९९३ मोजावे लागतात. समजा फोटॉन १०५० चे आहेत. मग पहिला इलेक्ट्रॉन १८० च्या आसपास ऊर्जा घेऊन बाहेर येईल आणि दुसरा ५७ च्या आसपास. आलेखात ५७ जवळ उंचवटा दिसला, की समजायचं अणू पोकळ झाला होता.

हे साधलं अमेरिकेतल्या स्टॅनफर्डजवळच्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरने. तो २००९ साली सुरू झाला. याच्या एकेका स्पंदात लाख कोटीच्या घरात फोटॉन असतात आणि ते जेमतेम एका मायक्रॉनच्या ठिपक्यावर एकवटतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निऑनचे पोकळ अणू तर बनलेच, पण २००० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनांनी दहाच्या दहा इलेक्ट्रॉन उडवले! गंमत म्हणजे आतल्या जागा रिकाम्या असतात तोवर अणू क्ष-किरण फारसे शोषत नाही. काही क्षण तो जवळजवळ पारदर्शक होतो.

“पण याचा उपयोग काय?” हा माझ्या रूम पार्टनरचा प्रश्न. रास्तच आहे.

उत्तर रसायनशास्त्रात आहे. इथेन, इथिलीन आणि ऍसिटिलीन घ्या. तिन्हींत कार्बनच्या जोड्या, पण बंध अनुक्रमे एकेरी, दुहेरी आणि तिहेरी. एकच इलेक्ट्रॉन काढून मोजलं तर तिघांत जेमतेम अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक येतो. आता दोन्ही कार्बनमधून एकेक आतला इलेक्ट्रॉन काढा. दोन धन पोकळ्या एकमेकींना ढकलतात, आणि ती ऊर्जा अंतरावर ठरते: १४.४ ला अँगस्ट्रॉममधल्या अंतराने भागा. १.५४, १.३४ आणि १.२० अँगस्ट्रॉमसाठी ९.४, १०.७ आणि १२.० येतात. बाकीचे इलेक्ट्रॉन सावरून बसतात, त्यामुळे खरे आकडे थोडे वेगळे निघतात. पण फरक कित्येक पट वाढतो, हे नक्की. सेडरबाउम आणि सहकाऱ्यांनी हे गणित १९८६ सालीच मांडलं होतं. ऍसिटिलीनमधल्या अशा जोडपोकळ्या प्रत्यक्ष पकडल्याचा पुरावा २०११ साली प्रसिद्ध झाला. मधली पंचवीस वर्षं सिद्धांत यंत्रांची वाट पाहत होता.

दुसरा उपयोग जीवशास्त्रात. क्ष-किरण लेसरने प्रथिनांची चित्रं घेतात ती नमुना उद्ध्वस्त होण्याआधीच्या क्षणात. पण त्याच क्षणात काही अणू आतून रिकामे झाले, तर ते किरण वेगळ्या प्रमाणात विखुरतात आणि चित्राचा हिशोब चुकू शकतो. तो नीट लावायचा तर पोकळ अणू समजायलाच हवा.

तेव्हा मंडळी, सिलॅबसमधला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट ‘दोन मार्कांचा’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच वजाबाकीवर आजही नवं विज्ञान उभं राहतंय!